एक सूत रुंदीची खाच

नागपूरच्या लोहाओळीतल्या त्या दुकानाच्या मागच्या भिंतीला लाकडी खणांची अख्खी ओळ आहे. प्रत्येक खणावर पांढऱ्या रंगानं आत काय आहे ते लिहिलंय, रंदा, पटाशी, गिरमिट, कानस, आणि ती अक्षरं आता इतकी पुसट झालीत की ज्याला माहीत आहे त्यालाच वाचता येतात. मी गल्ल्यावरच्या मुलापुढं वहीचा कागद ठेवला. पेन्सिलनं काढलं होतं त्यावर, दोन बाजूला दोन मुठी, मधे उभं पातं धरायची जागा, खाली मागंपुढं सरकणारी लहानशी पट्टी. त्यानं कागद फिरवून पाहिला, आतल्या वयस्क माणसाला नेऊन दाखवला, तो चष्मा कपाळावर सारून म्हणाला, "ये करता क्या है, भाऊ?" मी सांगितलं, लाकडात बारीक खाच पाडते, पट्टी जडवायला. "तो राउटर ले जाओ ना, वो तो है अपने पास." आणि त्यानं 'गिरमिट' लिहिलेला खण ओढून त्यातले ड्रिलचे बिट दुसऱ्या गिऱ्हाइकापुढं ओतले.

वस्तू मिळाली नाही याचं मला तेवढं लागलं नाही. ती बनायची बंद होऊन ऐंशीच्या वर वर्षं झालीत, मिळणार नाही हे घरून निघतानाच माहीत होतं. उमरेडच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर डोक्यात घोळत राहिलं ते त्या माणसाचं विचारणं. जिथं बापआज्यापासून फक्त सुतारकीची हत्यारं विकली गेली तिथं 'हे करतं काय' असं विचारायची वेळ यावी. त्याचा दोष नाही त्यात, मागणारंच कोणी येत नाही तर त्यानं कशाला लक्षात ठेवायचं. पण हत्यार दुकानातून जाणं वेगळं आणि दुकानदाराच्या डोक्यातून जाणं वेगळं, आणि हे दुसरं मी पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं.

हे सगळं सुरू झालं आत्याच्या देव्हाऱ्यापासून. आत्या पवनीला दिलेली, आणि हा देव्हारा तिच्या आजेसासऱ्यांच्या काळातला. अस्सल सागाचा, पुढं कमान, आणि कमानीच्या कडेकडेनं दोन बारीक रेघा गेलेल्या, एक पिवळी एक काळी. रंगवलेल्या नाहीत, जडवलेल्या आहेत. पिवळी हळदूच्या लाकडाची, काळी तेंदूच्या गाभ्याची. तेंदू म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना पानच आठवतं, उन्हाळ्यातली तोड आठवते, पुडे बांधत बसलेली घरची माणसं आठवतात, पण जुन्या तेंदूच्या खोडात पार आत, कधी मनगटाएवढा तर कधी नुसता बोटाएवढा, काळाकुट्ट गाभा असतो आणि तो घासला की असा काही चमकतो की हे आपल्याच जंगलातलं झाड आहे यावर विश्वास बसत नाही. लहानपणी दिवाळीत तिकडं गेलो की मी त्या रेघांवरून नख फिरवत बसायचो, कुठंच अडकायचं नाही. मागच्या पावसाळ्यात भिंतीतून उधई आली आणि तिनं नेमकी कमानच आतून पोकळ केली. बाकी देव्हारा वाचला. आत्या फोनवर म्हणाली, "तू तं शाळेतून आल्यावर लाकडंच घेऊन बसतं, मंग एवढं माह्या देवाचं करून दे."

नवी कमान कापली, जुन्यावर ठेवून आखली, कानशीनं वळण जुळवलं. जुनी कमान दोन्हीकडून सारखी नाही, डावा खांदा किंचित खाली आहे, आणि तो तसाच ठेवायचा होता कारण बाकीचा देव्हारा त्याच डाव्या खांद्याला जुळवून बसलेला आहे. मग प्रश्न आला खाचेचा. रुंदी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खोली अर्धा सूत, कडेपासून दोन सूत आत, आणि सगळ्या वळणावर ते अंतर एकसारखं राहायला पाहिजे.

मशीन माझ्याकडं आहे, आणि मी मशीनच्या विरोधातला माणूस नाही. दाराच्या चौकटीला, कपाटाच्या फळ्यांना मी तीच वापरतो. मिनिटाला तीस हजार फेरे घेणारी ती हातातली ट्रिमर सरळ फळीवर झकास चालते. पण ही कमान अंगठ्याएवढी रुंद, तिच्यावर मशीनचं बूड टेकतच नाही, एकीकडं कललं की खाच तिरपी. आधी फालतू तुकड्यावर चालवून पाहिली, तर वळणावर हात जरा रेंगाळला की लाकूड जळून काळं पडायचं आणि त्या जळक्या वासानं सागाचा मूळ वास पार बुडून जायचा. शिवाय त्या आवाजात लाकूड काय म्हणतंय ते कळत नाही. रेषा कुठं वळली, गाठ कुठं जवळ आली, हे हाताला कळायच्या आत पातं पुढं गेलेलं असतं. नागपूरला एका सीएनसीवाल्याकडंही गेलो, म्हणजे संगणकाला चित्र दिलं की मशीन आपोआप कापतं तिथं. तो भला माणूस, म्हणाला डिझाइनची फाइल द्या, अर्ध्या तासात देतो. मी डाव्या खांद्याचं सांगितलं तर म्हणाला, तो सरळ करून घेऊ ना सर, दोन्ही बाजू मिरर होऊन जातील. त्याच्यामागं एमडीएफचे देव्हारे उभे होते, एकावर एक रचलेले, सगळ्यांचे खांदे तंतोतंत सारखे. मी चहा घेतला आणि निघालो.

ज्या हत्याराचं चित्र घेऊन मी फिरत होतो त्याला कंपनीच्या यादीत नाव असं साधं, नंबर ६६. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅनले कंपनीनं ते १८८६ साली काढलं आणि १९४१ मध्ये बंद केलं. ओतीव लोखंडाचा सांगाडा, दोन हातांनी धरायच्या दोन मुठी, मधे स्क्रूनं आवळलेलं पातं. सोबत पात्यांचा संच, प्रत्येक पातं दोन्ही टोकांना घासलेलं, त्यातली बरीचशी टेबलाच्या पायावर नाहीतर चौकटीवर गोल मणी, पन्हळी असं काही काढायला. बारीक खाचही त्यानं पडते. दोन टेकणं मिळायची, एक सरळ, सरळ कडेला लावून चालवायचं, आणि दुसरं अंडाकृती, वळणाच्या कडेला. मला पाहिजे होतं ते दुसरं. पण मला सगळ्यात जास्त भावली ती वेगळीच गोष्ट, की त्या संचात एक पातं कोरं द्यायचे. काहीच नक्षी न घासलेलं, नुसता पोलादाचा तुकडा. ज्याला जो आकार पाहिजे तो त्यानं आपल्या कानशीनं घासून घ्यावा. समुद्रापार कुठंतरी कारखान्यात बसलेल्या माणसाला हे ठाऊक होतं की मी कितीही पाती दिली तरी एखाद्या सुताराला भलतंच काही लागेल, आणि ते करायला तो समर्थ आहे. हे वाचलं तेव्हा मला त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल खरंच आदर वाटला.

हे हत्यार कापत नाही, खरवडतं. पातं जवळजवळ उभं असतं, ढकललं तरी चालतं आणि ओढलं तरी चालतं, एका वेळी कागदाएवढं लाकूड निघतं. म्हणूनच ते वळणाला, आडव्या रेषेला, गाठीला समजून घेतं, रेषा उलटी आली की आपण उलट्या बाजूनं चालवायचं, बस. धार लावायची पद्धतही निराळी, रंद्याच्या पात्याला असतो तसा उतार नाही, टोक अगदी काटकोनात सपाट घासायचं आणि कोपरे तीक्ष्ण ठेवायचे. कोपरा बोथट झाला की खाचेची कड फाटते. त्यातही आडव्या रेषेत तंतू उचकटतातच, म्हणून आधी खतकसाला, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढायच्या हत्याराला, धारदार टोक लावून दोन्ही कडा कापून घ्यायच्या आणि मग त्या दोन कापांच्या मधलं लाकूड खरवडून काढायचं. उत्तर प्रदेशात मैनपुरीला शिसमच्या लाकडात पितळेची तार ठोकून बसवतात, तारकशी म्हणतात त्याला, २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तिथंही सगळी करामत तार ठोकण्यात कमी आणि त्या केसाएवढ्या खाचेत जास्त आहे. तार काय, कोणीही ठोकेल.

माझे आजोबा वाढई होते, गावकीचे. नक्षीकाम त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. वखर, डवरा, तिफन, जू आणि बंडी, हेच त्यांचं आयुष्य. बाभळीची चाकं, धावड्याचा आख, आणि चाकाला लोखंडी धाव चढवायचा दिवस म्हणजे आमच्याकडं सण, गोवऱ्यांच्या लालभडक जाळात ती धाव तापायची, दोघंतिघं चिमट्यानं उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचं, धूर, वाफ, जळक्या बाभळीचा वास, आणि आकसलेल्या धावेत चाकाचे सांधे करकरत घट्ट होत जायचा आवाज. पण पोळ्याच्या आधी मात्र ते वेगळेच व्हायचे. तान्हा पोळ्यासाठी गावातल्या पोरांना लाकडी नंदी लागायचे आणि त्या नंदीच्या पाठीवरच्या झुलीला ते पांढऱ्या लाकडाची किनार जडवायचे. शिवणीचं असायचं ते बहुतेक. त्यासाठी त्यांच्या पेटीत एक ठोकळा होता, मुठीत मावेल एवढा, त्यात करवतीच्या तुटक्या पात्याचा तुकडा खोवलेला. त्या ठोकळ्याला त्यांनी कधी नाव घेऊन हाक मारलेली मला आठवत नाही, "ते दे रे" एवढंच म्हणायचे. मी द्यायचो. खर्र, खर्र, खर्र, आणि त्यांच्या मांडीवर शेवयांसारखा बारीक भुसा साचत जायचा.

ते गेले आणि पेटीतली हत्यारं वाटली गेली. ट्रॅक्टर आला होता, बंड्यांना मोटारीची रबरी चाकं आली होती, बाबा मास्तर झाले होते. करवत एकानं नेली, वाकस दुसऱ्यानं. ठोकळा कोणी नेला नसणार, तो चुलीत गेला असेल, कारण बघणाऱ्याला तो सरपणच दिसणार.

वर्ध्याला मगन संग्रहालयात गेलो होतो एका सुट्टीत, शाळेची पोरं घेऊन. १९३८ पासून आहे ते. तिथं चरख्यांपुढं उभा असताना मला १९२९ ची ती जाहिरात आठवली. गांधीजींच्या चरखा संघानं एक लाखाचं बक्षीस लावलं होतं सुधारित चरख्यासाठी, त्या काळचे एक लाख. अटी वाचण्यालायक आहेत. चरखा इथं देशातच बनला पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या वर नको, २० वर्षं टिकला पाहिजे, आणि दरसालच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण माझं लक्ष राहिलं ते दुरुस्तीच्या अटीवर. किती सूत निघेल हे सगळेच विचारतात, मोडलं तर कोण नीट करेल आणि कितीत, हे हत्यार बनायच्या आधी विचारणारे किती असतात? पेटी चरखा अजून मिळतो, चाती मिळते, कारण ते चालू राहिलं पाहिजे असं कोणीतरी ठरवलं आणि धरून ठेवलं. सुताराच्या खाच पाडायच्या हत्यारासाठी असं कोणी ठरवलं नाही. त्याच्यामागं चळवळ नव्हती, नुसती गरज होती, आणि गरज असणारे थोडे होते. अमेरिकेत मेन राज्यातल्या ली-नील्सन या कारखान्यानं पुढं तीच घडण ब्रॉन्झमध्ये काढली, सुंदर वस्तू आहे, पण किंमत, शिपिंग, वरून कस्टम, हे शिक्षकाच्या पगारात बसवायचं म्हणजे घरात काय सांगायचं.

मग ते जुनं हत्यार सापडलं, आणि सापडलं ते भिवापूरच्या पुढं.

नागपूर-नागभीड छोटी लाईन २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, ब्रॉडगेज करायला. त्या गाडीनं मी लहानपणापासून फिरलेलो, त्यामुळं त्या लाईनच्या गप्पा निघाल्या की मी हटत नाही. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचं माहेर त्या लाईनवरचं. त्या सहज म्हणाल्या की आमच्या गावात एक मिस्त्री होते, मोतीबागेत, रेल्वेच्या कारखान्यात, डब्यांच्या लाकडी कामावर, त्यांच्या घरी अजून असं काहीबाही लोखंड पडलेलं असते. मी कागदावरचं चित्र दाखवलं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "असंच काही तं गोठ्यात टांगलं दिसते जी, दावे लटकवते त्याच्यावर."

रविवारी गेलो. मिरच्यांचे दिवस होते, अंगणभर मिरच्या पसरलेल्या, भिवापुरी, उन्हात इतक्या लाल की डोळे दिपतात, आणि वारा आला की सगळं अंगण खोकायला लावतं. मिस्त्री जाऊन खूप वर्षं झालीत, त्यांची सून आता सत्तरीच्या पुढं. देठ खुडत बसल्या होत्या, हात तसेच चालू ठेवून बोलल्या.

"सासऱ्याचं हाये ते. मोतीबागेत होते ना ते. आधी खरगपूरले होते म्हणत, तिकडूनच आणलं म्हणे. जिते होते तोवर कोणाले हात नाही लावू दिला. आता काय, खुंटीले लटकलं हाये."

गोठ्यात अंधार होता, शेणाचा आणि कडब्याचा उबदार वास, आणि खांबाला खिळा ठोकून त्यावर ते अडकवलेलं, दोन मुठींवर दोन दावी. धुळीनं आणि कोळिष्टकांनी माखलेलं. मी दावी बाजूला केली, अंगठ्यानं मधला भाग पुसला, आणि गंजाखाली निकेलचा मुलामा कुठंकुठं चमकला. हात थरथरले माझे, खरं सांगतो. मुठी तळहातात अशा बसल्या की मी तिथंच हवेत एकदा ढकलून पाहिलं.

बाहेर आलो तर आजी म्हणाल्या, "पोरगा म्हणे भंगारात देऊ. म्या म्हटलं किलोनं नाही देणार, ते काही विळा नाही की खुरपं नाही. तुमाले कायले पायजे?"

मी सांगितलं सगळं, देव्हारा, कमान, आत्या. त्यांनी विचारलं, नवं कितीले भेटते. खरं सांगावं की नाही असा प्रश्न मला पडला नाही, सांगितलं, जुनंसुद्धा शौकीन लोक परदेशात डॉलर देऊन घेतात हेही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, देठ खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नातवाचे शाळेचे जोडे घ्याचे हायेत, तेवढे द्या." मी दिले ते जास्त दिले. त्यांनी पदराला हात पुसून नोटा मोजल्या, वरच्या वेगळ्या काढल्या आणि माझ्या हातात परत ठेवल्या. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "नाही जी. जे बोलली ते बोलली." आणि आत जाऊन तंबाखूची एक चपटी डबी घेऊन आल्या, हलवली तर आत खुळखुळलं. "हे त्याच्यासंगचं असन."

परत येताना मोटरसायकलच्या डिकीत ते फडक्यात गुंडाळलेलं होतं आणि माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं. आनंद तर इतका की रस्त्यात थांबून पुन्हा काढून पाहिलं. पण ज्या घरात एक माणूस त्याला कोणालाच हात लावू देत नव्हता त्या घरातून मी ते उचलून आणलं, आणि त्या खिळ्यावर आता दावी नुसती लोंबत असतील. त्यांनी माझ्यावर उपकार केला की मी त्यांच्यावर, की दोघांनीही नाही, हे मला अजून नीट लावता आलेलं नाही. किंमत खरी सांगूनही त्यांनी जोड्यांपुरतेच घेतले. मी त्यांच्या जागी असतो तर?

घासलेटमध्ये ठेवलं, तारेच्या ब्रशनं हळूहळू गंज काढला, स्क्रू सुटायला वेळ लागला पण सुटले. सरळ टेकण होतं, अंडाकृती नव्हतं. डबीत पाती निघाली, सगळी नाहीत, थोडी. एकावर मणी, एकावर पन्हळ. आणि एक होतं ते पाहून मी खुर्चीवर बसलो. ते कोरं दिलेलं पातं होतं. एक टोक अजून कोरंच, आणि दुसरं टोक कानशीनं घासून अरुंद केलेलं, दोन्ही बाजूंनी, खांदे काढून. कानशीचे ओरखडे अजून दिसतात त्यावर. पट्टी लावून पाहिलं, एक सूत.

रेल्वेच्या डब्यात एक सुताची खाच कशाला लागत असेल? वरच्या साहेब लोकांच्या डब्यात कुठं रेघ जडवलेली असेल, की त्यांनी घरच्या कुठल्या वस्तूसाठी केलं असेल, आता सांगणारं कोणी नाही. पण त्या कारखानदारानं जो तुकडा मोकळा सोडला होता तो आमच्याकडच्या माणसानं ओळखला आणि स्वतःच्या कामाचा करून घेतला. मी ते पातं हातात घेऊन किती वेळ बसलो होतो कोणास ठाऊक, बायकोनं येऊन विचारलं काही झालं का.

राहिलं अंडाकृती टेकण. ते मी गावच्या लोहाराकडं नेलं. त्यांच्या भात्याला आता विजेचा पंखा लागलाय, पण ऐरण तीच. सरळ टेकण त्यांना दिलं, वळणाच्या कमानीचा पुठ्ठा कापून नेला होता तो दिला. त्यांनी ते हत्यारच हातात घेतलं, सगळ्या बाजूंनी पाहिलं, पातं घट्ट कसं बसते, टेकण सरकते कसं, स्क्रूचे आटे कसे आहेत. त्यांनी 'हे करतं काय' असं विचारलंच नाही. पाहता पाहता म्हणाले, "खरवडते हे, नाही का गुरुजी?" मला केवढं बरं वाटलं. मग म्हणाले, "टेकणाले साधं लोखंड चालन, त्याले काय मार नाही. पात्याले हॅक्सॉ ब्लेड घ्या, मोठं, मशीनवालं, भंगारात भेटते. पण ग्राइंडरवर निळं पडू द्याचं नाही, पाण्यात बुडवत बुडवत घासाचं, नाही तं नरम होऊन जाईन." टेकण त्यांनी दोनदा घडवलं, पहिलं त्यांना स्वतःलाच आवडलं नाही.

कमानीची खाच पाडायला शाळेच्या सुट्टीतल्या सकाळी घेतल्या, उन्हं चढायच्या आत. खतकसानं कडा कापल्या. मग ते टेकण कडेला लावलं आणि लांबच्या टोकाकडून थोडं थोडं ओढत मागं येत गेलो, एकदम पूर्ण लांबीचा ओढा घ्यायचा नाही, आधी खाचेला वाट सापडू द्यायची. पहिले काही ओढे नुसती पुसट रेघ, लाकडानं फक्त दखल घेतल्याएवढी. मग तो आवाज आला. खर्र. सागाचा तेलकट, जुन्या वाड्यात येतो तो वास आला, न जळलेला. वरच्या वळणावर रेषा उलटी होते तिथं हाताला लगेच कळलं, मुठींमधून वर आलं ते, मी हत्यार फिरवून दुसऱ्या बाजूनं ओढलं. सागात वाळूचा अंश असतो, धार लवकर बसते, त्यामुळं मधेमधे पातं काढून दगडावर घासायचं, पुन्हा लावायचं. त्या घासण्याच्या वेळात माणूस उगीच इकडंतिकडं बघतो, चहा पितो, आणि परत आल्यावर खाच जरा नव्या नजरेनं दिसते. डाव्या खांद्यावरही टेकण न कुरकुरता गेलं. जसं वळण तसं अंतर, दोन सूत, सगळीकडं.

पट्ट्या करणं हे वेगळंच प्रकरण. हळदू ताजा कापला की हळदीसारखा पिवळा, नंतर हवेनं, उजेडानं तांबूसपणाकडं झुकत जातो, आत्याच्या जुन्या रेघा आता मधाच्या रंगाच्या झाल्यात आणि माझी नवी पट्टी शेजारी भडक दिसते. ती काही वर्षांत येईल त्यांच्या रंगावर. तेंदूचा गाभा सरपणाच्या ढिगातून मिळाला, एका वाळल्या खोडात, पण सरळ लांब तुकडा मिळता मिळेना, म्हणून काळी रेघ तुकड्यातुकड्यांची आहे, सांधे तिरपे कापून जोडले. साग तेलकट म्हणून खाच आधी स्पिरिटनं पुसली, मग चिकटवलं. काही ठिकाणी वाटलं पितळेची पट्टी टाकावी, छान चमकेल. पण आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारं ऊन आणि दोन महिन्यांनी भिंती ओलावणारा पाऊस. लाकूड आडव्या रेषेत आकसतं, फुगतं, पितळ त्याच्यासोबत हलत नाही आणि मग उचकटतं. लाकडात लाकूड बसवलं की दोघंही थोडंफार सोबत हलतात. पवनीच्या त्या जुन्या वाढयाला हे कोणी शिकवलं असेल?

देव्हारा आता पवनीला आहे. आत्यानं नख फिरवून पाहिलं, म्हणाली एका जागी अडकते. अडकतं, काळ्या रेघेच्या एका सांध्यापाशी. दिवाळीत जाईन तेव्हा तेवढं खरवडून देणार आहे.

त्या हत्याराची मापं मी सगळी कागदावर उतरवून ठेवलीत, मुठीपासून मुठीपर्यंत, पात्याची जाडी, टेकणाच्या फटीची लांबी, स्क्रूचे आटे. लोहारांनी दुसरं एक करायला घेतलंय, सांगाडा ओतीव नाही, पट्ट्या वाकवून आणि वेल्ड करून, मुठी बाभळीच्या. ते झालं की पहिलं आमच्या तालुक्यातल्या आयटीआयच्या दोन पोरांना देणार आहे, त्यांना तान्हा पोळ्यासाठी नंदी करायचेत. ज्या कोणा वाढयाला, मिस्त्रीला मापं पाहिजेत त्यानं मागावीत, झेरॉक्स काढून देईन. आणि तुमच्या गोठ्यात, माडीवर, जुन्या पेटीत असं दोन मुठींचं गंजलेलं काही लटकत असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी अंगठ्यानं पुसून त्यावर ६६ दिसतंय का बघा, आणि सोबत एखादी डबी खुळखुळते का तेही घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाती वेगळी ठेवलेली असतात.